गाडीचा बिल्ला, काट्याचे वजन आणि मधली गाठ



येत्या गळीत हंगामापासून आपल्या कारखान्यास ऊस आणणाऱ्या प्रत्येक ट्रकला, ट्रॅक्टरला, ट्रॉलीला आणि टायरगाडीला एक बिल्ला बसविण्यात येत आहे. कागदोपत्री त्याचे नाव आर.एफ.आय.डी. टॅग असे आहे. आपण त्याला बिल्लाच म्हणू. कजगाव, कोळगाव, आमडदे, वडजी या बाजूच्या बैठकांत तो आम्ही हातोहात फिरवला. सुरुवात सगळीकडे "हाई काय शे साहेब?" अशीच झाली, आणि चहा येईपर्यंत प्रश्न सगळीकडे एकाच ठिकाणी येऊन थांबला : ही चिप काटा तर मारणार नाही ना?

प्रश्न रास्त आहे. सुरू उसाला वर्ष आणि आडसालीला दीड वर्ष पाणी धरायचे, रात्रीच्या लाईटीला मोटारीवर जायचे, आणि त्या साऱ्याचा निकाल काट्यावरच्या अर्ध्या मिनिटात लागायचा. काटामारी हा शब्द महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऊस पट्ट्यात समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा "काळजी करू नका" एवढे सांगून बैठक उरकणे आम्हांस योग्य वाटले नाही. ही व्यवस्था आतून कशी चालते ते सभासदांनी समजून घ्यावे, म्हणजे शंका घ्यायची तर ती योग्य जागी घेता येईल.

बिल्ला वजन करीत नाही. वजन त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही. त्याच्या पोटात एक क्रमांक असतो आणि विचारले की तो तेवढाच सांगतो. वजन सांगतात ते काट्याच्या फलाटाखालचे लोड सेल. हे काम ते बिल्ला नव्हता तेव्हाही करीत होते. नवे आहे ते एवढेच, की ‘कोण उभे आहे’ हे बिल्ला सांगणार, ‘किती भरले’ हे लोड सेल सांगणार, आणि दोघांची गाठ मारून ‘ही गाडी, हे वजन, ही वेळ’ अशी नोंद एक तिसरी पेटी करणार. या पेटीला कंट्रोलर, किंवा पी.एल.सी., म्हणतात. आपला पैसा त्या गाठीत आहे. गाठ नीट बसली तर रात्री दोनच्या पाळीतही कोणाला काही करता येत नाही. सैल बसली तर काटा तंतोतंत असूनही वजन भलत्याच्या खात्यावर जाते.

आता आधी बिल्ल्याकडे पाहू. आत धातूच्या पातळ पट्टीची एक अँटेना आणि तिळाएवढी चिप असते. सेल नाही, बॅटरी नाही. काट्याशेजारच्या खांबावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो. त्या लहरींतूनच चिपला जागे होण्याइतकी शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक परतणाऱ्या लहरीवर चढवून पाठवते. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरवून दिला आहे. गुरांच्या कानातला पिवळा बिल्ला मात्र या जातीचा नव्हे. त्यावर बारा आकडी क्रमांक आणि काळ्या रेघा छापलेल्या असतात, म्हणजे तो डोळ्याने किंवा कॅमेऱ्याने वाचावा लागतो. आपल्या बिल्ल्याचा सख्खा भाऊ पाहायचा असेल तर जीपच्या किंवा ट्रकच्या काचेवर पाहा. तिथे चिकटवलेला फास्टॅग हीच वस्तू आहे. देशातल्या राष्ट्रीय महामार्गांवर १५-१६ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला. नशिराबादच्या नाक्यावरून जळगावला जाताना खांबावरचा रीडर त्याच लहरींनी गाडी ओळखतो आणि पुढचा दांडा वर जातो. फरक इतकाच की तिथे क्रमांकाला बँकेचे खाते जोडलेले आहे. आपल्या काट्यावर पैसे कापण्याची सोयच नाही, तेव्हा ट्रकमालकांनी त्याबद्दल निश्चिंत असावे.

यातून एक गमतीची अडचण येते. ट्रकच्या काचेवर फास्टॅग आधीच आहे आणि तो आमच्या रीडरलाही ऐकू येतो, कारण पट्टा एकच. त्यामुळे आपल्या बिल्ल्यांचे क्रमांक ठराविक आकड्यांनी सुरू होतील असे लिहून घ्यावे लागतात आणि बाकीचे रीडरने सोडून द्यावेत अशी व्यवस्था करावी लागते. दुसरी अडचण लोखंडाची. साधा कागदी बिल्ला लोखंडाला चिकटवला की मुका होतो. काच नसलेल्या ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला म्हणूनच जाड पाठीचा, लोखंडावर चालणारा वेगळा बिल्ला लागतो. तिसरी अडचण आपल्या मालाची. उसात पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकते. बिल्ल्यावर उसाचे वाढे लोंबत असेल किंवा गिरणाकाठच्या काळ्या मातीचा ओला लेप बसला असेल, तर रीडरला तो दिसायचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आजवरची रीत अशी : शेतावर स्लिपबॉय तोडचिठ्ठी लिहितो, ड्रायव्हर ती खिशात ठेवतो, आणि काट्यावरचा कारकून घामाने पुसट झालेली ती चिठ्ठी वाचून आकडे बोटांनी संगणकात भरतो. १ चा ९ व्हायला रात्रीची पाळी आणि एक जांभई पुरे. शिवाय प्रत्येक गाडीमागे यात वेळ मोडतो. यार्डात गाडी जितकी उभी तितका ऊस वाळतो. मार्चनंतरच्या आपल्या खान्देशी उन्हात तोडलेल्या उसाचे वजनही घटते आणि उताराही घसरतो. वजनातली घट सभासदाची, उताऱ्यातली घट कारखान्याची. म्हणजे शेवटी दोन्ही आपलीच.

असो. मुख्य विषय त्या तिसऱ्या पेटीचा.

आमची पदविका शेतीची. विजेच्या पेटीशी आमचा संबंध मोटारीच्या स्टार्टरपुरता. पण हा कंट्रोलर समजून घ्यायला स्टार्टरच उपयोगी पडतो. आपल्या विहिरीवरचा ऑटो काय करतो? तिन्ही फेज आले का ते पाहतो, थोडा थांबतो, मग मोटार सुरू करतो. एक फेज गेला की बंद करतो. पाहणे, ठरवणे, करणे. कंट्रोलर हेच करतो, पण शेकडो गोष्टी पाहतो, आणि ही फेरी एका सेकंदात अनेकदा पुरी करतो. ठिबकच्या ऑटोमेशनमध्ये ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडणारी पेटी याच कुळातली. मोटारगाड्यांच्या कारखान्यांतले रिले आणि तारांचे जंजाळ कमी करण्यासाठी अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास पहिला असा कंट्रोलर तयार झाला. संगणक एकमेकांना जोडणारी इथरनेटची कल्पना १९७३ ची, रॉबर्ट मेटकाफ यांची, आणि स्मरणशक्ती असलेल्या रेडिओ बिल्ल्याचे मारिओ कार्डुलो यांचे पेटंटही १९७३ चेच. तिघांचे मूळ वेगळे, कारण वेगळे. आज ते आपल्या काट्यावर एका पेटीत नांदायला येत आहेत. सोयरीक नवी आहे, तेव्हा कुरबुरी होणारच.

रीडर आणि कंट्रोलर यांना जोडते ती इथरनेटची केबल. पण केबल जोडली म्हणजे संवाद झाला असे नाही. टेलिफोन लागला तरी दोघांची भाषा एक हवी. कारखान्यांतल्या यंत्रांच्या अशा काही भाषा ठरलेल्या आहेत : मोडबस, प्रोफिनेट, इथरनेट आय.पी. वगैरे. मोडबस त्यांतली जुनी, १९७९ ची, आणि साधी. तीत सारी माहिती खणांमध्ये ठेवलेली असते. वाण्याच्या दुकानातले खण डोळ्यांसमोर आणा. रीडर बिल्ल्याचा क्रमांक खणांत ठेवतो, कंट्रोलर येऊन खण उघडतो आणि वाचतो. खण लहान असतो. बिल्ल्याचा क्रमांक मोठा, ९६ बिटांचा; एका खणात मावतात १६ बिट. म्हणून एका बिल्ल्याला सहा खण लागतात.

इथेच गाठ सुटण्याच्या जागा सुरू होतात. पहिली अगदी साधी आहे. एका खणात क्रमांकाचे दोन तुकडे बसतात. कोणता आधी वाचायचा याबद्दल रीडर बनवणाऱ्याचा आणि कंट्रोलर बनवणाऱ्याचा रिवाज वेगळा असू शकतो. रीडरने ४२१७ ठेवले, कंट्रोलरने १७४२ वाचले. यंत्र चालू, दिवे हिरवे, आणि प्रत्येक गाडी मात्र ‘अनोळखी’. ही चूक पहिल्याच दिवशी उघडी पडते, म्हणून ती धोक्याची नाही. तंत्रज्ञ वाचण्याचा क्रम उलटा करतात आणि काम होते.

दुसरी जागा बारीक आहे. कंट्रोलर सहापैकी तीन खण वाचतो न वाचतो तोच रीडरने नव्या गाडीचा क्रमांक ठेवायला घेतला, तर अर्धा क्रमांक जुन्या गाडीचा आणि अर्धा नव्या गाडीचा अशी खिचडी होते. यावर उपाय बाजारसमितीतल्या रुमालाखालच्या सौद्यासारखा आहे : दोघांनी एकमेकांचे बोट धरल्याशिवाय व्यवहार पुरा नाही. रीडरने क्रमांक पूर्ण ठेवून झाल्यावर एका वेगळ्या खणात ‘नवीन आले’ अशी खूण करायची. कंट्रोलरने ती दिसल्यावरच सहाही खण उचलायचे आणि ‘मिळाले’ अशी उलट खूण द्यायची. ती मिळेपर्यंत रीडरने खणांना हात लावायचा नाही.

तिसरी जागा सर्वांत वाईट. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर (नाव घेण्याचे कारण नाही) आम्ही ही व्यवस्था पाहावयास गेलो होतो. एक ट्रॅक्टर वजन होऊन उतरला. त्यामागे टायरगाडी चढली. तिचा बिल्ला वाटेत कुठे तरी पडला होता. रीडरला नवे काहीच दिसले नाही, आणि खणांत गेलेल्या ट्रॅक्टरचा क्रमांक तसाच पडून होता. कंट्रोलरने पाहिले : फलाटावर वजन आहे, खणांत क्रमांक आहे. मारली गाठ! ट्रॅक्टरच्या नावावर अडीच टन ऊस निघाला तेव्हा कारकुनाच्या लक्षात आले. पण बैलगाडीऐवजी मागे दुसरा ट्रॅक्टर असता तर? अठरा टनांची खेप आणि अठरा टनांचीच पावती. कोणाला संशय यायचे कारण नव्हते. २०२५-२६ हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये आहे. त्या हिशेबाने तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वी अठरा टनांचे ६३,९०० रुपये होतात. एका खेपेला. काट्यात एका किलोचाही फरक नसताना.

म्हणून आपल्या काट्यासाठी आम्ही शेतकी विभागाच्या वतीने जी अट आग्रहाने मांडली ती ही : फलाट रिकामा होऊन वजन शून्यावर आले की कंट्रोलरने खण पुसलेच पाहिजेत. नुसते पुसून भागत नाही, नवी गाडी चढल्यानंतर वाचलेला बिल्लाच धरला पाहिजे. त्यासाठी फलाटाच्या दोन्ही टोकांना प्रकाशाचे डोळे बसवावे लागतात. गाडीने पुढचा डोळा ओलांडू नये, मागचा झाकू नये. म्हणजे सगळी चाके फलाटावर आहेत हेही कळते आणि रांगेतल्या मागच्या गाडीचा बिल्ला चुकून वाचला जात नाही. रीडरची ताकद मुद्दाम कमी ठेवायची तीही याचसाठी. लांबचे वाचणारा रीडर चांगला असे दुकानदार सांगेल. काट्यावर तो नडतो.

चौथी जागा शांततेची आहे. उंदराने केबल कुरतडली, किंवा पेटीत बगॅसची भुकटी जाऊन रीडर बंद पडला, तर कंट्रोलरला कसे कळावे? खणांत क्रमांक नाही याचा अर्थ गाडीला बिल्ला नाही असाही होतो आणि रीडर मेला असाही होतो. यासाठी रीडरने एका खणात दर सेकंदाला एक आकडा वाढवत राहायचे, नाडीसारखा. कंट्रोलर ती नाडी पाहत राहतो. थांबली की लाल दिवा, वजन बंद. मग हाताने नोंद करावी लागते. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आणि हे सारे झाल्यावरही वजन घाईने उचलायचे नाही. गाडी चढली की फलाट हलतो, इंजिन थरथरते, आकडा वर-खाली नाचतो. तो स्थिर झाल्याशिवाय कंट्रोलरने धरायचा नाही. हे सभासदांनी उभे राहून पाहण्यासारखे आहे : पाटीवरचा आकडा थांबतो, मग हिरवा दिवा लागतो, मग पावती येते. क्रम चुकला तर तिथेच बोलावे.

आता ट्रॉलीचा प्रश्न. बैठकांत कोणी तरी विचारलेच : ट्रॅक्टरला बिल्ला असताना प्रत्येक ट्रॉलीला वेगळा कशासाठी, हा खर्च का? कारण असे. उसाचे वजन म्हणजे भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा. भरून येताना ज्या दोन ट्रॉल्या होत्या त्याच रिकाम्या होऊन परत काट्यावर आल्या पाहिजेत. यार्डात ट्रॉल्या सोडतात, दुसरा ट्रॅक्टर ओढून नेतो, घाईत अदलाबदल होते. मग वजाबाकी होते ती दुसऱ्याच लोखंडाची. जुनी जड ट्रॉली आणि नवी हलकी ट्रॉली यांत क्विंटलांचा फरक असतो, आणि तो कोणाच्या तरी उसातून जातो. तीन बिल्ल्यांची जुळणी झाल्याखेरीज कंट्रोलर रिकामे वजन घेणार नाही, अशी व्यवस्था केली आहे. त्याच कारणाने रिकामे वजन दर खेपेला होईल. ‘या गाडीचे रिकामे वजन अमुक’ असे एकदा लिहून ठेवून हंगामभर वापरायचे, हा सोयीचा मार्ग आम्हांस मान्य नाही. चाकाला चिकटलेली माती रोज वेगळी असते.

काटा, रीडर, कंट्रोलर आणि कचेरी यांच्यातल्या तारांविषयी थोडे. इथरनेटची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत भरवशाची. केनयार्डातला काटा कचेरीपासून त्याहून लांब असेल तर काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची, केबल घालावी लागते. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. रोहिणीच्या वळवात काट्यावर वीज कोसळली तरी या केबलमधून ती कचेरीपर्यंत पोहोचत नाही, हा तिचा दुसरा फायदा. केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी तिचा संबंध नाही. ती घट्ट झाकणाच्या डब्यात हवी, कारण आपल्याकडे हवेत बगॅस आणि जमिनीवर मळी. साखर कारखान्यासारखी चिकट जागा इलेक्ट्रॉनिक मालाला दुसरी नसेल.

पण तारांमधली खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. वर सांगितलेल्या मोडबस भाषेला कुलूप नाही. ती निघाली तेव्हा एका खोलीतली दोन यंत्रे बोलत असत. चोर मधे येईल ही कल्पनाच नव्हती. साध्या मोडबसमध्ये जो कोणी त्याच तारेवर येईल तो खण वाचू शकतो, आणि कंट्रोलरने मुभा ठेवली असेल तर लिहूही शकतो. म्हणून काट्याचे जाळे कचेरीच्या जाळ्यापासून वेगळे हवे. पाहुण्यांच्या वायफायवर, बिलाच्या संगणकावर किंवा कोणाच्या मोबाईलवर काट्याचा कंट्रोलर दिसताच कामा नये. कचेरीकडे फक्त झालेली नोंद गेली पाहिजे. तिकडून इकडे काही येता कामा नये. तसेच काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या पेटीतून कंट्रोलरने वजन फक्त वाचायचे, तिच्यात काही लिहायचे नाही. त्या पेटीवर वैध मापन शास्त्र विभागाचे सील असते आणि काट्याची पडताळणी व मुद्रांकन दर बारा महिन्यांनी व्हावे लागते. बिल्ला आला म्हणून त्या शिक्क्याची गरज तसूभरही कमी झालेली नाही. उद्या कोणी "आता सगळे ऑटोमॅटिक आहे, काटा तपासायची जरूर नाही" असे म्हणेल, तर त्याचे ऐकू नये. कंट्रोलर लोड सेलच्या चुकीवरही तितक्याच इमानाने शिक्का मारतो.

आता आमच्या खात्याची बाजू. ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. बिल्ला गाडीचा आहे, उसाचा नाही. या गाडीत कोणाचा ऊस आहे हे त्या चिपला कधीच कळणार नाही. ते ठरते शेताच्या बांधावर, स्लिपबॉय ट्रॅक्टरचा बिल्ला हातातल्या यंत्राने वाचून त्याला सभासद क्रमांक आणि प्लॉट क्रमांक जोडतो तेव्हा. तिथे चुकीचा प्लॉट जोडला गेला तर पुढची सारी यंत्रे निर्दोषपणे ते वजन चुकीच्या खात्यावर नेऊन ठेवतील. भावाभावांची शेजारी-शेजारी शेते, एक नोंद आईच्या नावावर, एक थोरल्याच्या, त्यात एक खोडवा आणि एक सुरू लागण. इथे घोटाळे होतात. फडाच्या शेवटी उरलेला अर्धी ट्रॉली ऊस शेजाऱ्याच्या उसावर टाकून पाठवण्याची पद्धत तर सर्वत्र आहे. यापुढे अशी सामाईक खेप असेल तर दोघांनी शेतावरच वाटणी ठरवून ती नोंदवून घ्यावी. काट्यावर आल्यावर ‘त्यातला तीन टन माझा’ म्हणण्यात अर्थ नाही.

आणि बिल्ला काढून दुसऱ्या गाडीला लावण्याचे प्रकार होणार हे आम्ही गृहीत धरले आहे. टोलनाक्यावर लोक फास्टॅग काचेवर न लावता हातात धरून दाखवू लागले, तेव्हा असे सुटे फास्टॅग काळ्या यादीत टाकण्याचे महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. ट्रकवाले जे नाक्यावर करतात ते काट्यावर करणार नाहीत असे समजण्यात शहाणपण नाही. आपला बिल्ला म्हणून उपटला की फाटेल असा घेतला आहे. ट्रॉलीचा रिबिटाने पक्का बसवला जाईल. शिवाय काट्यावरचा कॅमेरा प्रत्येक वजनाबरोबर गाडीचे छायाचित्र घेऊन नोंदीस जोडणार आहे.

हाताने होणाऱ्या नोंदीबद्दल पुढे सांगतो म्हटले होते. बिल्ला तुटेल, पडेल, रीडर बंद पडेल. गाडी परत पाठवता येत नाही, ऊस वाळतो. तेव्हा हाताने नोंद करण्याचा दरवाजा ठेवावाच लागतो. आमच्या मते या व्यवस्थेतली सर्वांत जास्त लक्ष ठेवण्याची जागा हाच दरवाजा. जी गोष्ट दिवसा क्वचित घडते ती एखाद्या पाळीत वारंवार घडू लागली तर काही तरी बिघडले आहे : एक तर रीडर, नाही तर माणूस. म्हणून अशा पावतीवर ‘हस्ते नोंद’ असे ठळक छापले जाईल, आणि रोजच्या हस्ते नोंदींची यादी, पाळी आणि कारणासह, दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याजवळच्या फलकावर लागावी असे आम्ही सुचविले आहे. प्रत्येक वजनाला कंट्रोलर एक चढता अनुक्रमांक देतो. कचेरीचा संगणक बंद असला तरी तो तुटत नाही; नोंदी कंट्रोलरमध्येच साठतात आणि जोडणी पूर्ववत झाली की क्रमाने पुढे जातात. मधला एखादा आकडा गहाळ दिसला तर त्याचे उत्तर मागण्याचा सभासदास अधिकार आहे. आपल्या दोन खेपांमध्ये किती वजने झाली हे या अनुक्रमांकावरून घरबसल्याही कळते.

पावती हाती आली की खिशात घालण्यापूर्वी तिच्यावरचा सभासद क्रमांक, प्लॉट क्रमांक, ट्रॅक्टरचा आणि दोन्ही ट्रॉल्यांचा बिल्ला, भरलेल्या आणि रिकाम्या वजनाच्या वेळा एवढे वाचावे. दोन वजनांच्या वेळा जवळजवळ सारख्याच असतील तर ते विचारण्यासारखे आहे, कारण गव्हाणीवर खाली व्हायला वेळ लागतोच. तक्रार असल्यास त्याच दिवशी, पावतीच्या अनुक्रमांकासह, गट कार्यालयात लिहून द्यावी. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. म्हणजे वजनाचा वाद त्याआधी मिटला पाहिजे, नाही तर बिल निघाल्यावर दुरुस्तीचे लचांड मागे लागते.

बिल्ले बसविण्याचे काम गटवार कार्यालयांत सुरू होत असून वाहनमालकांनी नोंदणी पुस्तक घेऊन गाडी समक्ष आणावी. ट्रॅक्टर एकटा आणू नये, ट्रॉल्या जोडून आणाव्यात. टायरगाडीचा बिल्ला साटीच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर बसेल, त्यासाठी बैल जुंपून आणण्याची जरूर नाही. बसविण्याची जागा आदल्या दिवशी धुऊन वाळवावी. ओल्या मातीवर गोंद धरत नाही.